येऊरच्या रानातलं आडवं झाड

"आई, आपल्या खिडकीतून दिसतं ते जंगल जुनं आहे की कोणी लावलंय?"

थोरलीनं हा प्रश्न नोव्हेंबरात विचारला. तिला शाळेसाठी आपल्या परिसराबद्दल काहीतरी लिहायचं होतं. मी भाजी निवडत होते, तशीच खिडकीबाहेर बघत राहिले. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून येऊरचा डोंगर रोज समोर आहे. पावसाळ्यात त्याच्यावर ढग उतरतात, मार्चमध्ये तो तपकिरी होतो, एवढंच मला सांगता आलं असतं. वर गेलो होतो तेही रस्त्यानं, जेवायला. जंगलात पाऊल टाकलेलं नव्हतं. मुलीला उत्तर देता आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच ही सगळी खटपट सुरू झाली.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याला तिन्ही बाजूंनी शहर येऊन भिडलेलं आहे. आत कुठेही आपल्या मनानं शिरायचं नाही, हे आम्हाला माहीत होतं. नवरा दोनदा वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आला. सगळ्यांची नावं, वयं, ओळखपत्रांच्या प्रती असं सगळं देऊन झालं. सोबत वाट दाखवायला तिथल्याच पाड्यावरचे एक वारली दादा मिळाले.

घरात मात्र वेगळाच प्रश्न होता, सासूबाईंना न्यायचं की नाही. आईंचं वय अडुसष्ट, उजवा गुडघा दुखरा. नवरा नको म्हणत होता. आई काहीच बोलत नव्हत्या, पण त्यांनी कपाटातून बाबांची काठी काढून दाराशी ठेवली होती. शेवटी मी दादांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "आणा की आजींना. पोरं एकटी असली तर धावत सुटतात. आजी असल्या तर हळू चालतील." मग त्यांनी सूचना दिल्या. भडक कपडे नकोत, अत्तर नको, पूर्ण बाह्या, पायात मोजे आणि बूट, आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा.

१९ जानेवारी २०२५, रविवार. संक्रांत होऊन पाच दिवस झालेले. पहाटे साडेपाचला मी दशम्या भाजत होते, आई लसणीची चटणी डबीत भरत होत्या, तिळाचे लाडू त्यांनी आदल्या रात्रीच फडक्यात बांधून ठेवले होते. उपवन तलावावर धुकं होतं, गाडीतला काटा १७ अंश दाखवत होता. ठाणेकरांना एवढी थंडी पुष्कळ झाली. धाकट्यानं कानटोपी नाकापर्यंत ओढून घेतली होती.

तलाव मागे टाकून घाट चढायला लागलं की रस्त्याच्या कडेला रात्रीच्या पार्ट्यांचे अवशेष दिसतात. थर्माकोलच्या ताटल्या, बाटल्या, फुटलेले फुगे. हे लिहिताना आत्ताही संताप येतो. ज्या डोंगराकडे रात्री बिबट्या पाणी प्यायला उतरतो तिथे मोठ्यानं गाणी लावून जेवणावळी करायच्या आणि सकाळी सगळं तिथेच टाकून यायचं, हे आपणच करतो, ठाण्यातली माणसं. थोरली खिडकीतून मोजत होती. सव्विसाव्या बाटलीनंतर तिनं मोजणं सोडलं.

नाक्यावर नोंद झाली. दादा वाट बघत उभे होते. पाड्यातून जाताना चुलींचा धूर येत होता, एका घराची कुडाची भिंत नुकतीच सारवलेली होती. आई थांबल्या, भिंतीला हात लावून म्हणाल्या, "कारवी का?" दादांनी मान डोलावली. कारवीच्या काड्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचा लेप. आईंचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, त्यांच्या गोठ्याची भिंतही तशीच होती म्हणे. त्या दोघांचं तिथेच जुळलं, आणि पुढचे चार तास मी बराच वेळ नुसती ऐकत होते.

रानात शिरल्यावर पहिला अर्धा तास साग लागला. पानं पापडासारखी वाळून खाली पडलेली, पाय टाकला की एवढा आवाज की बोललेलं ऐकू येईना. थोरलीनं वही काढून विचारलं, "दादा, हे जुनं जंगल का?" दादांनी तिला एका सागाच्या बुंध्याशी नेलं. एकाच खोडक्यातून चार सोट वर गेलेले. "हे बघ, एका मुळावर चार खोडं. कधीतरी तोडलं होतं, मग बाजूनं फुटवे आले नि तेच मोठे झाले. अशी झाडं दिसली की समजायचं, इथं कुऱ्हाड फिरली होती." आम्ही वळून बघितलं तर सगळीकडे तसंच, दोन-दोन, तीन-तीन खोडांची झाडं. म्हणजे हे जंगल तुटून पुन्हा उभं राहिलेलं. मला ते बघून थोडं हिरमुसल्यासारखं झालं. दादा म्हणाले, "थांबा ताई, खाली ओढ्याला जाऊ."

वाटेत उताराची एक अख्खी बाजू मेलेली दिसली. डोक्याएवढ्या उंचीच्या राखाडी काड्या, दाट, त्यांच्या टोकांना वाळलेली बोंडं. मला वाटलं वणवा लागून गेला असेल. ती कारवी होती. कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एकदम सगळी मिळून फुलते आणि मरते. इथली २००८ साली फुलली होती, नंतर २०१६ला, आणि आता २०२४च्या पावसाळ्याअखेरीस. आम्ही खाली घरात बसलो होतो तेव्हा हा उतार जांभळा झाला होता. थोरलीनं बोटांवर हिशोब केला, पुढच्या वेळी, २०३२ला, ती वीस वर्षांची असेल. दादांनी एक बोंड तोडून तिच्या तळहातावर ठेवलं. ते सुकं, कडक होतं. "आत बी आहे. आत्ता नाही फुटणार. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ही सगळी तडतड फुटतात. उभ्या उतारावर लाह्या भाजल्यासारखा आवाज होतो." आई म्हणाल्या, "ते ऐकायला हवं." मग पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

इथेच आमच्यावर दिवसातलं एकमेव संकट आलं, आणि सविस्तर सांगते, कारण हिवाळ्यात मुलांना घेऊन रानात जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं. धाकटा सात वर्षांचा. वाटेच्या कडेला वेलीवर तपकिरी मखमली शेंगा लोंबत होत्या, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळलेल्या. मखमल दिसली की कुठलंही मूल हात लावणारच. दादा ओरडेपर्यंत त्यानं शेंग मुठीत धरली होती. खाजकुयली. मिनिटभरात तो किंचाळायला लागला, तोच हात त्यानं मानेला लावला, मग मानही पेटली. मी बाटलीतलं पाणी ओतून चोळायला धावले तर दादांनी माझा हात धरला. चोळायचं नाही. त्या शेंगेवरची लव म्हणजे बारीक कुसळं असतात, चोळली की आणखी आत शिरतात. जवळच गुरांच्या वाटेवर ओलसर शेण होतं. दादांनी त्याचा जाड थर त्याच्या तळहातावर आणि मानेवर थापला, थोडं सुकू दिलं आणि अलगद सोलून काढलं. कुसळं त्याला चिकटून निघाली. असं तीन वेळा केलं. पोर हुंदके देत आजीच्या कुशीत बसलं होतं. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत सांगत होत्या, त्या लहानपणी खाजकुयलीच्या खाली खेळायला गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या आईनंही हेच केलं होतं. पंधरा-वीस मिनिटांत आग कमी झाली. घरी आल्यावर उरलेली कुसळं मी चिकटपट्टी लावून काढली. त्याचे कपडे वेगळे भिजवले, एवढी काळजी घेऊनही माझ्या मनगटाला खाज सुटलीच.

मी परत फिरू म्हणत होते. धाकटाच नको म्हणाला.

पुढे वाटेवर एका दगडाला शेंदूर लावलेला होता, समोर सुकलेली फुलं आणि नारळाची करवंटी. वाघोबा. दादांनी चपला काढल्या, हात जोडले. आम्हीही जोडले. थोड्या अंतरावर वाटेच्या मधोमध विष्ठा होती, पांढुरकी, सुकलेली, तिच्यात केस स्पष्ट दिसत होते. बिबट्याची. दादा म्हणाले, दोन-चार दिवसांची असेल. त्यांनी आम्हाला ओळीत लावलं. सगळ्यात पुढे ते, मागे नवरा, मुलं मध्ये. कोणी मागे रेंगाळायचं नाही, एकट्यानं खाली वाकून बसायचं नाही, दिसलाच तर पळायचं नाही. त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती. शेजाऱ्याच्या अंगणातून जाताना आपण जसं जपून जातो, तसं ते सांगत होते. माझ्या छातीत मात्र पुढचा अर्धा तास धडधडत होतं.

ओढ्याकडे उतरायला लागलो तसा पायाखालचा आवाज बदलला. कुरकुर थांबली. पानं इथेही होती, पण मऊ, एकावर एक बसलेली, खालची काळी पडून मातीच झालेली. हवा गार झाली. वर बघितलं तर आभाळ तुकड्या-तुकड्यांत दिसत होतं. पहिल्या भागात सगळी झाडं एका उंचीची होती. इथे वर बेहडा आणि ऐन, त्यांच्याखाली कुंभा, त्याखाली कुड्याची झुडपं, आणि या सगळ्यांना गुंडाळत वर गेलेली पळसवेल. वेल म्हटल्यावर मी बोटाएवढी काही समजत होते. ही माझ्या मांडीएवढी जाड होती. आधार घेऊन एवढी व्हायला तिला किती पावसाळे लागले असतील, आणि तेवढी वर्षं तिचा आधार कोणी तोडलेला नव्हता. थोरली स्वतःच म्हणाली, "आई, इथे एका मुळावर एकच खोड आहे." तिनं चार-पाच झाडांना प्रदक्षिणा घालून खात्री केली.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. त्याच्या एका फांदीवर देठाला लोंबणारा, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडा लहान, राखाडी कोश दिसला. टसर रेशमाच्या पतंगाचा. तोही पावसाची वाट बघत बसलेला. पलीकडच्या खडकावर कांडोळ होता, एकही पान नाही, खोड गोरंपान, सकाळच्या उन्हात गुलाबी दिसणारं. धाकटा आपली मान विसरून त्याला हात लावायला गेला, आणि लावण्याआधी त्यानं दादांकडे बघितलं.

आणि मग ते आडवं झाड आलं.

बेहडा होता. २०१९च्या पावसात पडला, दादांना नक्की आठवत होतं, कारण पुढच्या उन्हाळ्यात लॉकडाऊन लागला. बुंधा एवढा की तो आडवा असूनही धाकट्याला पलीकडचं दिसत नव्हतं. साल निम्मी सुटलेली, अंगावर तपकिरी, कडक अळंबीच्या चकत्या जिन्यासारख्या चढत गेलेल्या. नवरा सहज म्हणाला, "एवढं लाकूड वाया चाललंय." तो वाईट बोलला नाही, आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात हेच येतं. पण आई काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाया कुठे रे? हे उचलायचं नसतं."

त्यांच्या माहेरी देवरहाटी आहे. कोकणात देवराईला असं म्हणतात. ग्रामदेवतेच्या नावानं राखलेलं रान. तिथे कुऱ्हाड लावायची नाही हे मी ऐकून होते. पण तिथलं पडलेलं लाकूडही घरी आणायचं नाही, चुलीसाठी सुकी काटकीही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आईंच्या लहानपणी एका वादळात रहाटीतला मोठा वृक्ष वाटेवर पडला तर गावानं वाट वळवली, झाड हलवलं नाही. "आम्ही विचारायचो, का? तर आजी म्हणायची, देवाचं आहे ते. बस, एवढंच. आज हे बघून कळतंय."

काय कळलं ते दादांनी दाखवलं. त्यांनी मुलांना बसवलं आणि सुटलेल्या सालीचा एक तुकडा काठीनं हळूच उचलला. हात घालायचा नाही, आत विंचू असू शकतो. वरून खोड कोरडं ठणठणीत, आणि खाली बोट लावलं असतं तर ओलं झालं असतं. जानेवारीच्या मध्यात, शेवटचा पाऊस होऊन तीन महिने झाल्यावर! कुजलेलं लाकूड स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. त्या ओलीत वाळवीचे बोगदे, दोन चिमुकल्या गोगलगाई, एक घोण सरसर आत पळाली, आणि पांढऱ्या बुरशीचे धागे लाकडात पसरलेले. दादांनी तुकडा जसा होता तसा परत ठेवला, कडा जुळवून. मग त्यांनी वर बोट दाखवलं. झाड पडलं तिथे आभाळाला भोक पडलं होतं. त्यातून येणाऱ्या उन्हात खोडाच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी रोपटी उभी होती, ऐनाची, कळंबाची, आणि तीन बेहड्याचीच.

थोरलीनं मोजली. सगळी मिळून एकोणीस. तिनं वहीत आकडा लिहिला आणि मग बराच वेळ काही लिहिलंच नाही.

आम्ही तिथेच थोडं बाजूला दशम्या खाल्ल्या. लाडवाचा एकही तीळ खाली सांडू नये म्हणून आईंनी पदर पसरला होता. खाताना वरून कर्कश, चिरकी हाक आली आणि राखाडी, लांब शेपटीचा, बाकदार चोचीचा पक्षी एका झाडावरून दुसऱ्यावर गेला. राखी धनेश. आईंनी लगेच ओळखलं. त्यांच्याकडचा मोठा धनेश, त्याला तिथे गरुड म्हणतात, तो बेहड्याच्याच ढोलीत घर करतो. मादी ढोलीत बसून दार आतून लिंपून घेते, नर फटीतून तिला फळं भरवतो. दादा म्हणाले, राखी धनेशाचंही तसंच. पण त्याला ढोली स्वतः कोरता येत नाही, आयती लागते. आणि पक्ष्याला आत बसता येईल एवढी ढोली तरण्या झाडाला नसते. फांदी मोडायला हवी, ती जखम वर्षानुवर्षं आतून कुजायला हवी. आम्ही आलो त्या सागाच्या भागात मला एकही ढोली दिसली नव्हती. इथे बसल्या जागेवरून धाकट्यानं सात दाखवल्या.

"हे जंगल उरलं कसं पण?" थोरलीनं विचारलं. नवऱ्यानं जमेल तेवढं सांगितलं. डोंगरापलीकडे विहार तलाव आहे, १८६० साली बांधलेला, आणि तुळशी, १८७९चा. मुंबईला पाणी पाजायचं तर तलावाभोवतीचा डोंगर उघडा पडून चालणार नव्हतं, म्हणून रान राखलं गेलं. दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमचे पाडे त्याच्या आधीपासून आहेत." एवढंच. मला वाटतं मुलीनं दोन्ही वाक्यं वहीत लिहायला हवी होती, आणि तिनं लिहिली.

परतीची चढण आईंना जड गेली. गुडघा सुजला. दर शंभर पावलांनी आम्ही थांबत होतो, आणि थांबलो की काहीतरी दिसत होतं. एकदा स्वर्गीय नर्तक, पांढऱ्या फिती मिरवणारा नर, आणि एकदा झाडाला चिकटलेलं मुंग्यांचं फुटबॉलएवढं तपकिरी घरटं. तांबूस सुतार पक्षी अशाच घरट्यात, मुंग्यांच्या मधोमध, आपली अंडी घालतो. शेवटच्या टप्प्यात जाळरेषा लागली. वणवा पसरू नये म्हणून हिवाळ्यात गवत-पाला काढून मोकळा ठेवलेला पट्टा. पुढच्या दोन महिन्यांत सगळी पानं खाली येतील, तेव्हा कोणी फेकलेल्या एका विडीनं हा डोंगर पेटू शकतो. दादा आणि पाड्यावरची पोरं दर वर्षी हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला पळतात.

साडेअकराला नाक्यावर पोचलो. जेमतेम पाच किलोमीटर चाललो होतो. दादांना ठरलेले पैसे दिले, आईंनी उरलेले लाडू फडक्यासकट त्यांच्या हातात ठेवले. "कारवी फुटायला लागली की फोन करा," त्या म्हणाल्या, "मी येते. गुडघ्याचं मी बघते." दादा हसून म्हणाले, "पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी करतो."

थोरलीनं शाळेत काय लिहिलं ते तिनं मला वाचू दिलं नाही, फक्त चित्र दाखवलं. आडवं खोड, आणि त्याच्याभोवती एकोणीस रोपटी. आईंना डॉक्टरांनी गुडघ्याचे व्यायाम सांगितले आहेत, ते त्या न चुकता करतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं जूनचं पान त्यांनी उलटून बघितलं आणि मृग नक्षत्राच्या तारखेखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे, "कारवी. येऊर."